जुन्या गाडीसाठी योग्य नट-बोल्ट कसे निवडायचे?

जुनी गाडी पुन्हा उभी करायला घेतली की सगळं लक्ष इंजिन, रंग आणि क्रोमकडे जातं. नट-बोल्टची आठवण येते ती जुळणी सुरू झाल्यावर, आणि तेव्हाही 'बसला म्हणजे झालं' एवढाच हिशेब असतो. पण ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि सीटबेल्ट या सगळ्यांचा भार शेवटी एकेका बोल्टवर येतो. तिथे चूक झाली तर बाकीचं काम कितीही सुबक असो, ती गाडी रस्त्यावर न्यायच्या लायकीची राहत नाही.

नवख्यांना माझं पहिलं सांगणं असतं की निवडीचा क्रम बदलू नका. आधी आटे, मग ताकद, मग लांबी, आणि मुलामा सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. चकचकीत स्टेनलेस बोल्टचा संच आधी घेतात आणि तो कुठे बसतो ते नंतर बघतात.

पायरी १: जुना बोल्ट हाच पुरावा

गाडीतून निघालेला गंजका बोल्ट म्हणजे तिथे काय असायला हवं याची लेखी नोंदच असते. म्हणून काम पूर्ण होईपर्यंत एकही बोल्ट टाकून द्यायचा नाही. वाकलेला, तुटलेला, डोकं झिजलेला, सगळे ठेवायचे. प्रत्येक जोडणीची वेगळी पिशवी करा आणि आत चिठ्ठी टाका: 'पुढचा डावा खालचा आर्म, मागचा बोल्ट, डोकं पुढच्या बाजूला'. डोकं कोणत्या दिशेला होतं हे लिहायला विसरू नका. काही ठिकाणी बोल्ट उलटा घातला तर चाक वळताना तो कशाला तरी घासतो. वॉटर पंप, टायमिंग कव्हर यांसारख्या भागांना वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट असतात. तिथे पुठ्ठ्यावर त्या भागाची बाह्यरेषा काढा, भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात खोचून ठेवा. पिशवी आणि चिठ्ठीपेक्षा हे खात्रीचं.

बोल्ट निघत नसेल तर जोर लावायच्या आधी गंज सैल करणारं तेल सोडा आणि रात्रभर थांबा. मग आधी किंचित आवळून बघा. गंजाची पकड कित्येकदा त्या उलट्या हालचालीनंच मोडते. तरीही हलला नाही तर बोल्टला नव्हे, त्याच्या भोवतीच्या भागाला उष्णता द्या. अर्थात पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी किंवा रबरी बुश जवळ असेल तर ज्योत तिथे न्यायचीच नाही.

काढण्याआधी आणखी एक गोष्ट बघा: आटे उलटे तर नाहीत ना? १९६०च्या दशकातल्या क्रायस्लरच्या बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट डाव्या आट्यांचे असत. ते नेहमीप्रमाणे सोडवायला गेलात तर उलट आवळले जातात आणि शेवटी स्टड तुटतो. स्टडच्या टोकावर 'एल' हे अक्षर कोरलेलं आहे का, ते पुसून बघा.

पायरी २: आटे ओळखणं

इथे घाई करायची नाही, कारण जवळजवळ सगळे घोटाळे इथेच होतात.

जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांची प्रमाण मापं मांडली. त्यांच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. हे बीएसडब्ल्यू, म्हणजे जाड आटे. याच कोनाचे बारीक आटे म्हणजे बीएसएफ, ते १९०८ मध्ये आले. अमेरिकेत मात्र ६० अंशांचा कोन रुजला होता. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडचे सुटे भाग एकमेकांना बसेनात, तेव्हा ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये एक सामाईक पद्धत ठरवली. तिच्यातल्या जाड आट्यांना यूएनसी आणि बारीक आट्यांना यूएनएफ म्हणतात. त्यानंतर ब्रिटिश मोटारी हळूहळू यूएनएफकडे वळल्या. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या आणि जपानी गाड्यांत मेट्रिक आटे, तेही ६० अंशांचे.

ढोबळ अंदाज असा बांधता येतो: युद्धाआधीची ब्रिटिश गाडी असेल तर बीएसएफ आणि बीएसडब्ल्यू, अमेरिकी असेल तर यूएनसी आणि यूएनएफ किंवा त्यांचे पूर्वज, जर्मन, इटालियन किंवा फ्रेंच असेल तर मेट्रिक. पण अंदाजावर खरेदी करू नका. १९५०च्या दशकातल्या ब्रिटिश गाडीत इंजिनावर एक आणि चासीवर दुसरीच पद्धत सापडू शकते. ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या विजेच्या भागांवर बीए या ब्रिटिश पद्धतीचे छोटे स्क्रू असतात. त्यात आकडा वाढला की स्क्रू लहान होतो, म्हणजे २ बीएपेक्षा ४ बीए बारीक. सगळ्यात फसवं उदाहरण एमजी या ब्रिटिश गाड्यांच्या टी-मालिकेतल्या एक्सपीएजी इंजिनाचं. त्याचे आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थच्या पान्यांना बसणारी! एमजी ज्या मॉरिसच्या घरातली, त्या मॉरिसनं १९२३ मध्ये कॉव्हेन्ट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला. तिथली यंत्रसामग्री मेट्रिक होती आणि ती परंपरा पुढच्या इंजिनांत उतरली. पाना बसला म्हणून आटे ओळखले असं समजायचं नाही, ते यासाठी.

आता एक बोल्ट हातात घेऊन बघू. व्हर्नियरनं आट्यांवरची जाडी मोजली, आली ७.८५ मिलिमीटर. हा एम ८, म्हणजे ८ मिलिमीटरचा मेट्रिक, आहे की ५/१६ इंची? जाडीवरून सांगताच येणार नाही. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, आणि दोन्ही प्रकारचे बोल्ट प्रत्यक्षात नाममात्र मापापेक्षा जरा कमीच भरतात. निर्णय पिचवर, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतरावर होतो. पिच गेज घ्या. दातेरी पात्यांचा तो छोटा संच हे या कामातलं सगळ्यात उपयोगी हत्यार आहे. तारेच्या ब्रशनं आटे स्वच्छ करा, पातं आट्यांवर टेकवा आणि उजेडासमोर धरा. मधून उजेडाची रेघ दिसली तर पातं चुकीचं. ५/१६ इंचात यूएनएफला इंचामागे २४ आटे, बीएसएफला २२, यूएनसी आणि बीएसडब्ल्यू या दोघांना १८. एम ८ची नेहमीची पिच १.२५ मिलिमीटर, म्हणजे इंचामागे साधारण २०. बारीक एम ८ची १ मिलिमीटर, म्हणजे २५ च्या वर. २४ आणि २५ मधला फरक दोन-तीन आट्यांवर कळत नाही. पातं निदान आठ-दहा आट्यांवर टेकलं पाहिजे.

यूएनसी आणि बीएसडब्ल्यूच्या १८ आट्यांत फरक फक्त कोनाचा, ६० आणि ५५ अंशांचा. १/४ पासून ७/१६ इंचापर्यंतच्या मापांत या दोघांचे इंचामागचे आटे सारखेच असतात, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढतो. चढतो, पण आटे पूर्ण टेकत नाहीत. तात्पुरत्या जुळणीसाठीसुद्धा हे करू नये, कारण तात्पुरता घातलेला नट तसाच राहून जातो. १/२ इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३ आटे असतात, तिथे नट लगेच अडतो.

खरी परीक्षा हातानं होते. स्वच्छ आट्यांवर योग्य नट फक्त बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. दोन-तीन फेऱ्यांनंतर अडला तर पाना उचलू नका, थांबा. एकतर पिच चुकली आहे किंवा आटे खराब आहेत.

ब्रेकच्या नळ्यांच्या बाबतीत तर हे जिवावरचं काम आहे. ३/८ इंच यूएनएफचा नट एम १० × १ (१० मिलिमीटर जाडी, १ मिलिमीटर पिच) च्या भोकात सहज फिरतो, जरासा सैल वाटतो आणि आवळलाही जातो. दोघांच्या पिचमध्ये फरक फक्त ०.०६ मिलिमीटरचा, पण व्यास जवळजवळ अर्धा मिलिमीटर कमी. त्यामुळे आटे नुसते टोकांवर धरून राहतात. पेडल जोरात दाबलं की हा सांधा दगा देऊ शकतो. ब्रेकच्या नळीचा प्रत्येक नट दोन्ही टोकांना मोजल्याशिवाय बसवू नका.

मेट्रिक म्हटलं तरी सगळं एकसारखं नसतं. एम १०मध्ये जर्मन गाड्यांत १.५ची पिच नेहमीची, जपानी गाड्यांत १.२५ची. त्याच बोल्टचं डोकं जुन्या जर्मन गाडीत १७ मिलिमीटरचं, जपानी गाडीत बहुधा १४चं. आणि सीटबेल्ट जगभर बहुतेक ठिकाणी ७/१६ इंच यूएनएफ, इंचामागे २० आटे, गाडी पूर्ण मेट्रिक असली तरीही. तिथे 'जवळपासचा' मेट्रिक बोल्ट घुसवायचा मोह अजिबात नको.

पान्यांबद्दल थोडक्यात. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही. त्यामुळे १/४ इंची व्हिटवर्थ पाना प्रत्यक्षात ०.५२५ इंचाचा असतो आणि ५/१६ इंची बीएसएफच्या डोक्याला बसतो. यूएनएफच्या ५/१६ बोल्टला १/२ इंची पाना लागतो, आणि त्यावरचा आकडा मात्र डोक्याच्या सपाट कडांमधल्या अंतराचा असतो. व्हिटवर्थच्या डोक्यावर मेट्रिक पाना चालवला की कोपरे गोल होतात आणि मग तो बोल्ट छिन्नीनंच निघतो. चौफुलीच्या स्क्रूंचंही तसंच. जपानी गाड्यांतले स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचे. बऱ्याचदा डोक्यावर छोटा ठिपका असतो. त्यांना जेआयएसचाच स्क्रू-ड्रायव्हर लावा.

पायरी ३: डोक्यावर लिहिलेली ताकद

अमेरिकी पद्धतीत डोक्यावरच्या रेघा मोजायच्या आणि त्यात दोन मिळवायचे. तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८. काहीच नसेल तर साधा, कमी ताकदीचा बोल्ट समजायचा. मेट्रिक बोल्टवर आकडे असतात, ८.८, १०.९, १२.९. पहिल्या आकड्याला शंभरानं गुणलं की तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते. दुसरा आकडा सांगतो की त्या ताकदीच्या किती दशांशाला बोल्ट कायमचा ताणला जायला लागेल. म्हणजे ८.८ हा ८०० मेगापास्कलला तुटतो आणि ६४०ला ताणला जातो. ग्रेड ५ साधारण ८.८ च्या बरोबरीचा, ग्रेड ८ साधारण १०.९ च्या. ब्रिटिश बोल्टवर आर, एस, टी अशी अक्षरं असतात. अक्षर जितकं पुढचं तितकी ताकद जास्त.

नियम साधा आहे: मूळ ग्रेडपेक्षा खाली कधीही उतरायचं नाही. पण 'सगळीकडे ग्रेड ८ टाकू, म्हणजे काळजी नको' हेही मला पटत नाही. जोडणी घट्ट धरते ती बोल्टच्या ताणामुळे, आणि ताण येतो आवळण्यातून. तुम्ही जुन्याच टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोराला, आवळणार असाल तर जास्त ताकदीचा बोल्ट जास्त दाब देत नाही. आणि त्याच्या ताकदीचा पुरेपूर उपयोग करायचा म्हणून जास्त आवळलात, तर समोरच्या ॲल्युमिनियमच्या किंवा ओतीव लोखंडाच्या भोकातले आटे निघून हातात येतील. बोल्ट बदलणं सोपं असतं, इंजिन ब्लॉकमधलं भोक दुरुस्त करणं नव्हे. आरपार नट-बोल्ट असेल आणि एक ग्रेड वर जायचं असेल तर नटही त्याच तोलाचा घ्या: १०.९ बोल्टला १०चा नट.

डोक्यावर ना ग्रेडची खूण ना बनवणाऱ्याची, असे बोल्ट फक्त नंबरप्लेटसाठी. खोट्या खुणांचा प्रश्नही काल्पनिक नाही. बनावट ग्रेड ८ बोल्ट इतके पसरले होते की अमेरिकेला १९९० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. सस्पेन्शन आणि ब्रेकचे बोल्ट ओळखीच्या, जबाबदारी घेणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या.

जुने बोल्ट पुन्हा वापरावेत का? बॉडीचे, ब्रॅकेटचे, कव्हरचे जरूर वापरा. स्वच्छ करून नवा मुलामा द्या. जुन्या डोक्यांवरची जीकेएनसारखी बनवणाऱ्याची मूळ अक्षरं जपली तर गाडीचा अस्सलपणाही टिकतो. पण कनेक्टिंग रॉड, फ्लायव्हील, ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे पिव्हट इथे शंका आली की नवेच. गंजाचे खड्डे, किंचित वाक, आट्यांच्या मध्येच बारीक झालेली कंबर, किंवा पिच गेज एका टोकाला बसतं आणि दुसऱ्या टोकाला सरकतं, यातलं काहीही दिसलं तर बोल्ट बाद.

पायरी ४: लांबी आणि कोरा दांडा

बोल्टची लांबी डोक्याच्या खालपासून टोकापर्यंत मोजतात. डोकं शंकूसारखं निमुळतं, पृष्ठभागात सपाट बुडणारं असेल तर डोक्यासकट. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. आंधळ्या, म्हणजे आरपार न गेलेल्या, भोकात किती आटे गुंतावेत याचा अंदाज असा: पोलादात बोल्टच्या जाडीएवढे, ओतीव लोखंडात दीडपट, ॲल्युमिनियममध्ये दुप्पट. बोल्ट भोकाच्या तळाला टेकता कामा नये. टेकला की टॉर्क रेंच 'झालं' म्हणतो आणि जोडणी मात्र सैलच असते.

याहून महत्त्वाचा आहे आटे नसलेला दांडा, म्हणजे शँक. सस्पेन्शनच्या आर्मचा बोल्ट डोळ्यांसमोर आणा. दोन बाजूंना ब्रॅकेटचे कान, मध्ये बुश. गाडीचा भार बोल्टला आडवा कापू पाहतो, आणि तो कापला जाईल ब्रॅकेटच्या पत्र्याच्या कडेपाशी. तिथे कोरा दांडा हवा, आटे नकोत. आट्यांच्या तळाशी बोल्ट बारीक असतो आणि प्रत्येक आटा म्हणजे तडा सुरू व्हायला एक आयती खाच. शिवाय आट्यांच्या कडा ब्रॅकेटचं भोक हळूहळू खातात, भोक लांबट होतं आणि गाडी रस्त्यावर भरकटायला लागते. संपूर्ण लांबीवर आटे असलेला बोल्ट इथे ग्रेड ८चा असला तरी चुकीचाच. योग्य शँकचा बोल्ट त्या लांबीत मिळत नसेल तर लांब बोल्ट घ्या, आट्यांकडचं टोक कापा आणि कानसून साफ करा. कापण्याआधी त्यावर एक नट चढवून ठेवला तर तो काढताना टोकाचे आटे आपोआप सरळ होतात.

पायरी ५: मुलामा, आणि स्टेनलेसचा मोह

स्टेनलेस गंजत नाही, सुंदर दिसतं, म्हणून सगळीकडे घालावंसं वाटतं. त्यावर बहुधा ए२-७० असं कोरलेलं असतं: ७०० मेगापास्कलला तुटतं आणि ४५०ला ताणलं जातं. ८.८ च्या ६४०शी तुलना करा. बम्पर, दिवे, आतली सजावट, मडगार्डच्या कडा इथे स्टेनलेस उत्तम. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, सीटबेल्ट, इंजिन माउंटिंग इथे नको. स्टेनलेसचा बोल्ट आणि स्टेनलेसचाच नट सुका, भराभर फिरवला तर दोघं एकमेकांत अक्षरशः वितळल्यासारखे अडकतात आणि मग कापूनच काढावे लागतात. आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावा आणि सावकाश फिरवा. ॲल्युमिनियममध्ये घालतानाही पेस्ट हवीच. दोन धातू आणि ओल एकत्र आली की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं.

जस्ताचा मुलामा बहुतेक ठिकाणी चांगला चालतो. घरी मुलामा देणाऱ्यांनी एक धोका लक्षात ठेवावा. ॲसिडमध्ये बुडवताना आणि मुलामा चढताना हायड्रोजन पोलादात शिरतो. साधे बोल्ट ते सोसतात, पण १०.९ आणि त्यापुढचे कठीण बोल्ट ठिसूळ होतात आणि आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, कुणी हातही न लावता, डोक्याखाली तुटतात. कारखान्यात त्यावर उपाय म्हणून मुलामा दिल्यावर लगेच सुमारे २०० अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजतात. घरी या ग्रेडचे बोल्ट आणि स्प्रिंगा मुलाम्यात घालू नयेत हे बरं. जुन्या बोल्टवर मूळचा कॅडमियमचा मंद, किंचित पिवळसर थर असू शकतो. त्याची धूळ आणि वाफ विषारी असते, म्हणून त्याला कोरडा ब्रश किंवा ज्योत लावू नका.

पायरी ६: सैल होऊ नये म्हणून

मूळ जागी जी सोय होती तीच पुन्हा करा. कॅसल नट (वरच्या कडेला खाचा असलेला) आणि त्या खाचेतून जाणारी स्प्लिट पिन असेल तर पिन दर वेळी नवी. खाच भोकासमोर आली नाही तर नट पुढे आवळून जुळवायचा, मागे सोडून नाही. चाकाच्या बेअरिंगचा नट तेवढा अपवाद, तिथे सर्व्हिस मॅन्युअल सांगेल तेवढी मोकळीक ठेवावी लागते. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाचा, म्हणून एक्झॉस्टजवळ नको. तिथे पितळी नट घाला, ते स्टडला धरून बसत नाहीत. वाकवायच्या कानांचे वॉशर एकदाच वापरायचे. थ्रेडलॉक म्हणजे आट्यांना लावायचा गोंद; निळं थ्रेडलॉक हत्यारानं सुटतं, लालला चांगली उष्णता द्यावी लागते.

चाकांच्या नटांत आटे जुळले तरी बूड, म्हणजे नटाची रिमला टेकणारी बाजू, जुळलंच असं नाही. काही रिम शंकूच्या आकाराच्या बुडासाठी असतात, फोक्सवॅगनसारख्या गाड्यांत गोलाकार. चुकीचं बूड अगदी थोड्या जागी टेकतं आणि चाक सैल होत जातं. रिम बदलली असेल तर हे आधी बघा.

पायरी ७: आवळणं

टॉर्क रेंचनं दिलेल्या जोरापैकी ढोबळमानानं निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणात जातो, चार दशांश आट्यांत, आणि जेमतेम एक दशांश बोल्टला ताणतो. म्हणूनच आट्यांना तेल लावलं की त्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. मॅन्युअलमधला आकडा सुक्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, ते वाचा आणि तसंच करा. भोकातले आटे साफ करायला धारदार टॅप घालू नका, तो धातू कापतो आणि पकड कमी करतो. त्यासाठी न कापता आटे साफ करणारा थ्रेड चेसर मिळतो. आटे खरंच गेले असतील तर हेलिकॉइलसारखा तारेचा इन्सर्ट बसवा. ॲल्युमिनियममध्ये तो मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरतो.

पूर्ण आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर, डोक्यापासून शेजारच्या भागापर्यंत, रंगाची एक बारीक रेघ ओढा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर गाडी उचलून चाकांचे नट, पाट्यांचे यू-बोल्ट, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग पुन्हा तपासा. नवा रंग आणि नव्या रबरी बुश थोड्या दबतात, त्यामुळे काही जोडण्या हमखास सैल झालेल्या सापडतील. थ्रेडलॉक लावलेल्या बोल्टला मात्र पाना लावून बघायचं नाही, त्याची पकड त्यानंच मोडते. तिथे फक्त रेघ जुळते का ते पाहायचं. नसेल जुळत तर बोल्ट काढून, आटे साफ करून, थ्रेडलॉक नव्यानं लावून आवळायचा.